आवडत्या गायकाला भेटावं का?



'माझा आवडता गायक' किंवा 'माझा आवडता कलावंत' हा निबंध आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वर्गाला दिलेला आहे. वह्या तपासताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. सुरुवात कशीही असो, शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, "मला त्यांना एकदा तरी भेटायचे आहे." गाईडमधून उतरवलेलं असो की स्वतःच्या मनाने लिहिलेलं, हे वाक्य येतंच. या वर्षी चौथीच्या वह्या तपासताना मी त्या वाक्याखाली लाल पेनाने एक छोटा प्रश्न लिहिला : भेटून काय करशील?

दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. बहुतेकांनी लिहिलं, फोटो काढीन. काहींनी लिहिलं, सही घेईन. एकाने लिहिलं, "त्यांला आमच्या घरी जेवायला बोलवीन, आई धपाटे करते." आणि एका पोराने उत्तर लिहायचं सोडून मलाच विचारलं, "सर, ते आपल्याशी बोलतेत का?"

मला या पोराचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला. बाकीच्यांनी भेट म्हणजे फोटो असं धरून टाकलं होतं. याला मात्र भेट म्हणजे बोलणं वाटत होतं, आणि ते होईल की नाही याची शंकाही होती. आज मला त्याच्याच प्रश्नावर तुमच्याशी बोलायचंय. आपल्याला ज्याचं गाणं जीवापाड आवडतं त्याला भेटावं का? आणि आपण पालक-शिक्षक म्हणून लेकरांना त्यासाठी घेऊन जावं का?

आपल्या पणजोबांना हा प्रश्न पडलाच नसता. तेव्हा गाणं ऐकायचं म्हणजे गाणाऱ्याच्या समोर जाऊन बसायचं, दुसरा मार्गच नव्हता. घरात रेणुकामातेचा गोंधळ घातला की गोंधळी अंगणात यायचे, घरच्याच पंगतीला जेवायचे आणि उजाडल्यावर संबळ उचलून पुढच्या गावाला जायचे. वासुदेव तर दारातच यायचा. कीर्तनकार ज्या घरी उतरायचे त्या घरची पोरं त्यांच्यासाठी पाणी तापवायची. आपल्या देशात गाण्याचं ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली, कलकत्त्यात. गौहर जान यांचा आवाज तेव्हा तबकडीवर उतरला. तिथून पुढे आवाज एका गावात आणि माणूस दुसऱ्या गावात, असं होऊ लागलं. पुढे रेडिओ आला, कॅसेट आली, आता मोबाईल आहे. आमच्या भोकरकडच्या लेकरांना तेलंगणाची हद्द जवळ असल्यामुळे तेलुगू गाणीसुद्धा पाठ असतात. शब्दांचा अर्थ माहीत नसतो आणि गाणारा कोण तेही माहीत नसतं. तरी वरातीत त्यांचे पाय बरोबर ठेक्यावर पडतात.

मधला एक माणूस मात्र विसरून चालणार नाही. लोककवी वामनदादा कर्डक. जन्म १९२२ चा, गेले २००४ साली. हजारोंनी गाणी रचली आणि ती गावोगाव, वस्तीवस्तीवर जाऊन गायली. मुक्काम असायचा चाहत्यांच्याच घरी. जी भाकर घरात असेल ती खायची आणि गाणं तिथेच बसून जुळवायचं. 'दादा आमच्या घरी राहून गेलेत' असं अभिमानाने सांगणारी म्हातारी माणसं आपल्या मराठवाड्यात अजून भेटतात. त्यांच्याकडे फोटो नसतो. दादा कुठे बसले होते ती जागा ते दाखवतात. (वामनदादांना अक्षरओळख मोठेपणी झाली. शिक्षकाने ही गोष्ट वर्गात सांगायलाच पाहिजे.)

आता भेटीच्या ओढीची आपल्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट बघा. गदगचा एक मुलगा. दुकानात वाजणारी तबकडी ऐकून त्याचे पाय तिथेच थबकायचे. आवाज होता किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा. असं गाणं आपल्याला आलं पाहिजे या एका वेडापायी तो १९३३ साली, अकरा वर्षांचा असताना घरातून निघून गेला. खिशात पैसे नाहीत. रेल्वेत बिनतिकीट बसायचं आणि डब्यातल्या लोकांना गाणं म्हणून दाखवायचं, असं करत तो ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर एवढा हिंडला. शेवटी जालंधरला विनायकराव पटवर्धनांनी त्याला सांगितलं, अरे, तुझ्या घराजवळच कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. सवाई गंधर्व हे त्याच अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. हा मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी, हे तुम्ही ओळखलंच असेल. (वर्गात सांगताना घरातून पळण्याचा भाग जरा जपून सांगावा लागतो. तीन वर्षांनी कुणाचा तरी बाप आपल्याला विचारायला यायचा.)

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त काय आवडतं, तर गुरूच्या घरी गेल्यावर त्यांनी काय केलं ते. पाणी भरलं. घरची पडेल ती कामं केली. सुरुवातीचे कित्येक महिने गाणं शिकवणं असं फारसं झालंच नाही, कानावर पडेल तेवढंच. ज्या आवाजासाठी घर सोडलं तो आवाज कसा घडतो, कशाने टिकतो, पहाटे उठून काय करावं लागतं, हे त्यांना तिथं राहून दिसलं. आणि पुढे? सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षापासून पुण्यात त्यांच्या नावाने महोत्सव सुरू झाला, तो भीमसेनजींनी आयुष्यभर सांभाळला. एका चाहत्याने एका गायकाला भेटायला जाणं म्हणजे काय, याचं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण लगेच दुसरी बाजूही सांगतो. लता मंगेशकरांचं दैवत होते कुंदनलाल सैगल. लहानपणापासून त्यांची गाणी त्यांना तोंडपाठ. सैगलना भेटायची फार इच्छा. वडील गेल्यावर घर चालवण्यासाठी लहान वयात काम करावं लागलेल्या या मुलीने पैसे साठवून पहिल्यांदा स्वतःचा रेडिओ घेतला. तो लावला, तर कानावर बातमी आली की सैगल गेले. ती तारीख १८ जानेवारी १९४७ ची. त्यांनी तो रेडिओ परत करून टाकला. ही आठवण त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलेली आहे. भेट कधीच झाली नाही. आणि तरी सैगल त्यांच्यातून गेले का? नाही गेले. पुढे आयुष्यभर त्या सैगलांबद्दल लहान मुलीसारख्या बोलायच्या.

म्हणजे एकाने भेटीसाठी अर्धा देश पालथा घातला आणि एकीला भेट मिळालीच नाही, आणि दोघंही गाण्याला पुरून उरले. मग आपण 'एकदा तरी भेटवायचंच' म्हणून लेकरांना ओढत का नेतो?

हे मी का विचारतोय ते सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. गळा गोड. परिपाठात प्रार्थना तिच सुरू करायची आणि मग आम्ही बाकीचे सूर शोधत तिच्या मागे जायचो. तिच्या वडिलांचं छोटं दुकान आहे, पण लेकीच्या गाण्याचं त्यांना भारी कौतुक. मागच्या हिवाळ्यात एका मोठ्या शहरात एका नावाजलेल्या गायकाचा कार्यक्रम होता. साध्या तिकिटाबरोबर एक महागडा पासही होता. तो घेतला की कार्यक्रमानंतर मंचामागे जाऊन गायकाला भेटता येणार होतं. वडिलांनी तो घेतला. किती पैसे मोडले ते मी विचारलं नाही.

कार्यक्रम संपला रात्री बाराच्या पुढे. मंचामागे दोन-अडीचशे माणसं, प्रत्येकाचा हात वर आणि हातात मोबाईल. सुरक्षेवाला माणूस "चला, चला, पुढं चला" करत एकेकाला ढकलतोय. यांचा नंबर आला. वडील म्हणाले, "साहेब, माझ्या लेकीचं एकच कडवं ऐका." गायकाने तिच्याकडे न बघताच "रियाज कर, रियाज कर" म्हटलं, फोटो निघाला आणि खांद्यावर हात ठेवून कुणीतरी दोघांना बाजूला केलं. सगळं मिळून दहा सेकंद असतील. तो फोटो मी बघितला आहे. गायक दुसरीकडेच बघतोय आणि पोरगी गायकाकडे.

त्यानंतर दोन महिने तिने प्रार्थना सुरू केली नाही. विचारलं तर म्हणायची, "माझा गळा बरा नाही, सर." सर्दी नव्हती, खोकला नव्हता. वडिलांना अजून वाटतं की लेक थंडीने आजारी पडली होती.

यात चूक कुणाची? वडिलांची म्हणावी तर त्यांनी मायेनेच केलं. गायकाची म्हणावी तर तुम्हीच विचार करा. तीन-साडेतीन तास उभं राहून गायलेला माणूस, घसा बसलेला, पोटात अन्न नाही, पहाटे पुढच्या गावाला निघायचंय, आणि समोर अडीचशे अनोळखी चेहरे, प्रत्येकाला वाटतं हा आपला आहे. सलग सहा तासिका घेतल्यावर सुटीच्या घंटेला एखादा पालक येऊन उभा राहिला तर आपल्या चेहऱ्यावर काय असतं? मला राग आला तो त्या पासाचा. 'भेट' हा शब्द वापरून जी वस्तू विकली ती भेट नव्हतीच. रांगेत उभं राहून मूर्तीला हात लावल्यासारखं ते होतं. मूर्ती निदान "रियाज कर" म्हणत नाही.

कलाकार तिरसट असतात, गर्विष्ठ असतात, असं आपण पटकन बोलून जातो. गानसरस्वती किशोरी आमोणकर यांच्याबद्दल हे फार बोललं जायचं. श्रोत्यांची चुळबुळ झाली की त्या गाणं थांबवायच्या, स्पष्ट सुनवायच्या. कित्येक चाहते त्यांच्याजवळ जायला घाबरायचे. पण त्याच्या मागचं कारण त्यांनीच सांगून ठेवलंय. त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीकर, केवढ्या मोठ्या गायिका. आईबरोबर लहानपणी त्या दौऱ्यावर जायच्या तेव्हा गाणाऱ्या बाईला लोक कसं वागवतात, कुठे उतरवतात, बिदागी देताना कसे बोलतात, हे सगळं त्या मुलीने बघितलं होतं. आपल्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हे तिने तेव्हाच ठरवलं. म्हणजे आपण ज्याला ताठा म्हणतो ती आईच्या अपमानाची आठवण होती. दहा सेकंदांच्या भेटीत हे कुणाला कळणार? ते कळायला त्यांच्या मुलाखती वाचाव्या लागतात, आणि त्यांच्यावरचा 'भिन्न षड्ज' हा माहितीपट बघावा लागतो. मला वाटतं, असं वाचणं-बघणं हीसुद्धा एक भेटच आहे आणि पुष्कळदा ती जास्त खरी असते.

आमच्या शाळेतले एक ज्येष्ठ सहकारी यावर एकदम ठाम आहेत. ते म्हणतात, "भेटूच नये. दुरून डोंगर साजरे. एकलव्याने पुतळ्यापुढं बसून विद्या मिळवली ना?" गुरुजींचा मान राखून मी त्यांना म्हटलं, एकलव्याची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितली. पुतळ्यापुढे तो सुखात शिकला हे खरं, पण गुरू खरोखर भेटले तेव्हा अंगठा गेला, आणि तो का गेला हे आपल्या भागातल्या लेकरांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्या गोष्टीतून 'भेटू नये' हे निघत नाही. भेटणाऱ्या दोघांतला एक फार उंचावर आणि एक फार खाली असला की ती भेट खालच्याला महाग पडते, एवढं निघतं. गुरुजी हसले आणि चहा सांगितला. त्यांचं मत बदललं नाही.

दुरून डोंगर साजरेच ठेवायचे म्हटलं तरी आता ते शक्य नाही, हेही आहे. गायकाचं भांडण, घटस्फोट, कोर्टकेस सगळं मोबाईलवर लेकरांच्या आधी पोहोचतं. आणि गाणारं लेकरूच असेल तर? २००९ मध्ये लिटिल चॅम्प्सची अंतिम फेरी झाली तेव्हा आम्ही डी.एड.ला होतो. शेवटच्या पाचांत आपल्या लातूरचा रोहित राऊत. वसतिगृहातल्या पोरांनी मेसचे पैसे वाचवून एसएमएस पाठवले होते. जिंकली कार्तिकी गायकवाड. ती पाचही लेकरं होती, शाळेत जाणारी, आणि अख्खा महाराष्ट्र त्यांना भेटायला निघाला होता! त्यांचे गालगुच्चे घेणाऱ्या मोठ्या माणसांची गर्दी टीव्हीवर बघून मला तेव्हाही अवघडल्यासारखं व्हायचं. चाहत्याला भेट हवी असते, पण समोरच्याला ती हवी आहे का, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही.

पद्धत नाही म्हणतो, पण आपल्याच जिल्ह्यात एक जागा आहे. नांदेडला हुजूर साहिबच्या गुरुद्वारात लेकरांना घेऊन गेलात तर कीर्तन चालू असताना थोडा वेळ बसवा. रागी तबला-हार्मोनियमवर काय सुंदर गातात! पण कुणी टाळ्या वाजवत नाही, कुणी त्यांच्यासोबत फोटो मागत नाही. एक जथा उठतो, दुसरा बसतो. लोक मत्था टेकतात तो गुरू ग्रंथ साहिबपुढे. गाणारा माणूस आपलं काम करून शांतपणे निघून जातो. सहलीत मी हे पोरांना मुद्दाम बघायला लावतो. एकाने विचारलं होतं, "त्यायला वाईट वाटत नसंल का, सर?" मी म्हटलं, बघ बरं चेहरा, वाटतंय का?

माझं मत विचाराल तर, भेटावं. पण जिथे दोन वाक्यं बोलता येतील तिथे, आणि विचारायला काहीतरी घेऊन. मोठ्या मैफलीला लेकरांना जरूर न्या. नांदेडचा संगीत शंकर दरबार असो की दिवाळी पहाट, पुढच्या ओळीत बसवा, गाणं पोटभर ऐकवा आणि कार्यक्रम संपला की सरळ घरी आणा. मंचामागे जाऊ नका. फार वाटलं तर लेकराला पत्र लिहायला सांगा, पत्रलेखनाचा घटक तसाही आहे. उत्तर आलं तर आलं. आणि कुणाही मोठ्या कलाकारापुढे 'हिचं ऐका, ह्याचं ऐका' म्हणून स्वतःच्या लेकराला उभं करू नका. ते लेकरू मायबापासाठी उभं राहतं, आणि बसायला कुणी सांगितलं की ते मात्र त्याला एकट्याला सोसावं लागतं.

खरी भेट हवी असेल तर ती आपल्या गल्लीत आहे. आनंददायी शनिवारी आम्ही गावातल्या भजनी मंडळाचे पखवाज वाजवणारे बाबा बोलावले होते. सत्तरीच्या पुढचे. पोरांनी आधी वर्गात बसून प्रश्न काढले होते, पण बाबांनी पिशवीतून कणकेचा गोळा काढला आणि सगळे प्रश्न बाजूला राहिले. पखवाजाच्या डाव्या पुडीला भिजवलेली कणीक लावतात, तेव्हा तो घुमारा येतो. लावायची किती, तर कानाला पटेल एवढी. थोडी लावली, वाजवलं. अजून थोडी लावली, वाजवलं. आवाज खाली खाली जाताना लेकरांना स्पष्ट ऐकू येत होता. मी विज्ञानात 'आवाज कंपनामुळे होतो' हे तीन तासिका शिकवलं होतं, बाबांनी दहा मिनिटांत उरकलं. मग मागून प्रश्न आला, "बाबा, वाजवून झाल्यावर त्या कणकीची पोळी करतेत का?" बाबा म्हणाले, "न्हाई रे, खरडून काढतो, गाईला घालतो." एकाने त्यांच्या बोटांना हात लावून बघितला. एकाने विचारलं, तुम्हाला कुणी शिकवलं, तर बाबा बराच वेळ त्यांच्या वडिलांबद्दलच बोलत राहिले. ती मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. तिने काही विचारलं नाही. शेवटी बाबांनी अभंग धरला तेव्हा सगळ्यांबरोबर तीही म्हणत होती. एकटीने अजून म्हटलेलं नाही.

एक गोष्ट मला अजून खटकते. बाबांना आम्ही शाल आणि नारळ दिला. शाळेच्या खर्चात पखवाजवाल्याच्या मानधनाला रकाना नाही. नव्या शैक्षणिक धोरणात स्थानिक कलाकारांना शाळेत बोलवावं असं चांगलं लिहिलंय, पण त्यांचा तो दिवस बुडतो त्याचं काय? दहा सेकंदांच्या पासाला आपण खिसा मोकळा करतो आणि तासभर हातात हात देऊन शिकवणाऱ्याला नारळ. पालकसभेत मी हा विषय काढला तेव्हा काही पालकांनी मिळून थोडे पैसे जमवायचं कबूल केलंय. तुमच्या शाळेत यासाठी काही सोय केली असेल तर जरूर कळवा.

पुढच्या वेळी बँड पार्टीतले क्लॅरोनेटवाले काका येणार आहेत. लग्नसराई उरकल्यावर, कारण तोवर त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि पाऊस पडून खुरपणीची कामं लागायच्या आत. बोलवायला गेलो तर संकोचाने म्हणाले, "शाळेत येऊन काय वाजवू, सर? मला तर वरातीतलंच येतं." लेकरांनी फर्माइशीची यादी आत्ताच करून ठेवली आहे. पहिल्या नंबरला तेलुगू गाणं आहे.